एका खोलीच्या घरात ऑनलाइन थेरपी: परळमधील एक प्रकरण

परळच्या एका चाळीत राहणाऱ्या ४१ वर्षांच्या बाईंनी जून २०२१ मध्ये ऑनलाइन समुपदेशनासाठी माझ्याशी संपर्क साधला. त्यांना दिवसातून अनेकदा अचानक धाप लागत होती, छातीत धडधडत होते, हातापायांना मुंग्या येत होत्या आणि आपला श्वास आता बंद पडणार अशी त्यांची दर वेळी खात्री होत होती. मात्र पहिल्याच फोनवर त्यांनी या त्रासाआधी दुसरी अडचण सांगितली. "मॅडम, आमचं घर एका खोलीचं आहे. मी जे बोलेन ते सगळ्यांना ऐकू जाणार. मग कसं करायचं?" पुढे चाललेल्या दीर्घ उपचारात हा प्रश्न पूर्णपणे कधीच मिटला नाही. मुंबईसारख्या शहरात ऑनलाइन मानसोपचाराचे यश नेटवर्कच्या वेगापेक्षा याच प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असते असे माझे मत आहे, आणि म्हणून या मांडणीत उपचाराच्या तंत्राइतकीच जागा मी त्याला दिली आहे. बाईंची ओळख पटू नये यासाठी व्यक्तिगत तपशील बदलले आहेत, आणि तशाच परिस्थितीतून गेलेल्या इतरांच्या हकिकतींतील काही भाग त्यात मिसळला आहे.

बाई अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतात. सुमारे १८० चौरस फुटांची खोली, आत मोरी आणि पोटमाळा, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, आणि एवढ्या जागेत पती, नववीतून दहावीत गेलेला मुलगा, सासूबाई व सासरे असा संसार होता. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत एका दिवसात ११ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते, त्याच आठवड्यात आधी पतीला, मग अण्णांना आणि पाठोपाठ बाईंना कोविड झाला. अण्णांचे वय ७४ होते आणि त्यांना जुना मधुमेह होता. पती तापाने पडून होते आणि सासूबाईंना रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवरचे आकडे वाचता येत नव्हते, त्यामुळे अण्णांच्या बोटाला यंत्र लावून आकडा वहीत लिहिण्याचे काम, स्वतः आजारी असतानाही, बाईंकडे आले. संध्याकाळी ९५ दाखवणारे यंत्र रात्री ९३ वर आले. झोप लागली की बरे वाटेल असे अण्णा म्हणाले. बाईंनी खाटेसाठी फोन सुरू केले, पण खाट मिळेपर्यंत पहाट झाली होती आणि आकडा ८६ वर गेला होता. नवव्या दिवशी अण्णांचे रुग्णालयातच निधन झाले. त्यांचे अंत्यदर्शन घरच्यांना झाले नाही, स्मशानात दोनच नातेवाईक जाऊ शकले आणि दहावा-तेरावा करायला ना भटजी आले ना भावकी.

बाईंचा स्वतःचा आजार सौम्य होता. पहिला झटका त्यांना मे महिन्यात, मास्क लावून संडासाच्या रांगेत उभ्या असताना आला. त्यानंतर त्यांना दोनदा अपघात विभागात नेले आणि दोन्ही वेळा ईसीजी व्यवस्थित असल्याचे सांगून घरी पाठवले. जूनपर्यंत त्यांनी आडवे झोपणे सोडले होते. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या जेवढा डोळा लागेल तेवढीच झोप. जिना चढणे, अंघोळीला मोरीचा पडदा ओढून घेणे, गरम वाफेजवळ भाकरी करणे, या सगळ्यांची त्यांना धास्ती वाटू लागली होती.

अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसाला लगेच 'हे मनाचे आहे' असे सांगणे धोक्याचे असते. कोविडनंतर काही रुग्णांच्या फुफ्फुसांत, हृदयात किंवा रक्ताच्या गुठळ्यांमुळे खराखुरा बिघाड असतो, आणि पडद्यापलीकडे बसलेल्या समुपदेशकाला छातीचा आवाज ऐकता येत नाही. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी त्यांना फिजिशियनकडे पाठवले. छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी यांत काळजीचे काही आढळले नाही, आणि व्यायामाला डॉक्टरांची लेखी संमती मिळाली. ती चिठ्ठी हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकले.

मूल्यमापनासाठी दोन प्रश्नावल्या वापरल्या. नैराश्याचा अंदाज देणाऱ्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १४ गुण आले, चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी १६. जीएडी-७ मध्ये १५ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे तीव्र चिंता मानली जाते. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे बाईंनी 'काही दिवस' असे उत्तर दिले होते. हा प्रश्न ऑनलाइन विचारताना अनेक समुपदेशक बिचकतात, कारण समोरच्या व्यक्तीने कॉल बंद केला तर काय, ही भीती असते. मी तो सरळ शब्दांत विचारला. अण्णांच्या जागी आपण गेलो असतो तर बरे झाले असते असे त्यांना वाटे, मात्र जीव देण्याचा बेत नव्हता, साधन जवळ केलेले नव्हते आणि मुलाचे नाव त्या पुन्हा पुन्हा घेत होत्या. तरीही त्यांच्या पतीचा आणि नणंदेचा फोन नंबर लेखी संमतीसह घेतला, संकटाच्या वेळी केईएम रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे हे ठरवले, आणि प्रत्येक सेशनच्या आरंभी 'आत्ता तुम्ही नेमक्या कुठे बसला आहात?' हे विचारण्याचा नियम केला. प्रत्यक्ष भेटीत हा प्रश्न निरर्थक ठरतो. ऑनलाइन कामात मदत कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे त्याच्या उत्तरावरून कळते. १४४१६ या क्रमांकावरची टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. आज असे प्रकरण हाती आले तर तो क्रमांकही सुरक्षिततेच्या याच कागदावर लिहिला जाईल.

आणखी एक गोष्ट या चौकशीतून बाहेर आली. झटका आला की बाई नणंदेच्या जुन्या चिठ्ठीवर आणलेली अल्प्राझोलम या चिंता शमवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी घेत होत्या. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरांना फोन-व्हिडिओवरून सल्ला देण्याची वाट मोकळी केली, पण अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणाऱ्या मनोप्रभावी औषधांना त्यातून वगळले होते, आणि अल्प्राझोलम त्याच वर्गात मोडते. त्यामुळे गोळी हळूहळू बंद करण्याचे वेळापत्रक मनोविकारतज्ज्ञांनी बाईंना प्रत्यक्ष बोलावून आखले आणि सोबत एस्सिटालोप्राम हे चिंता व नैराश्यावरचे औषध सुरू केले. ऑनलाइन उपचारांच्या जाहिरातींत 'घरबसल्या सर्व काही' असे सांगितले जाते, ते अशा ठिकाणी खरे नसते, आणि ते रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

आता एकांताचा प्रश्न. सासूबाई दुपारी झोपतात, मुलगा हेडफोन लावून ऑनलाइन वर्गात असतो आणि पती कामावर असतात, म्हणून पहिली दोन सेशन्स दुपारी मोरीच्या उंबऱ्यावर बसून झाली. बाई कुजबुजत बोलत. अण्णांचा विषय निघाला की त्या गप्प होत, कारण सासूबाई जाग्या आहेत की झोपेत हे पडद्यामागून कळत नसे. या बोलण्याला थेरपी म्हणणे अवघड होते. ती फार तर ओळख होती. तोडगा बाईंनीच काढला. शेजारच्या काकू आणि काका दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला कोकणात गावी गेले होते आणि देवापुढे दिवा लावण्यासाठी खोलीची किल्ली बाईंकडे ठेवून गेले होते. चाळीत किल्ली शेजाऱ्याकडे ठेवणे ही रोजची गोष्ट आहे. त्याच विश्वासाच्या आधारावर या उपचाराचा सर्वांत कठीण टप्पा पार पडला. काकूंना फोन करून बाईंनी परवानगी घेतली, 'ऑफिसची मीटिंग असते' एवढेच सांगितले.

तरी भिंती पातळ होत्या. म्हणून आम्ही एक खुणेचे वाक्य ठरवले. कोणी दारात आले की बाई 'व्हाउचर उद्या पाठवते' म्हणत, आणि मग मी केवळ हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारत असे. त्यांचा डेटा पॅक दिवसाला दीड जीबीचा होता आणि त्यातला बराच भाग नोकरीच्या कामात जाई, त्यामुळे आठवड्यातील सेशनचा पहिला भाग व्हिडिओवर आणि उरलेला साध्या फोनवर होई. विचारांची नोंद ठेवण्यासाठी वेगळी वही घरात लपवणे शक्य नव्हते. बाईंनी भिशीच्या हिशोबाच्या वहीची मागची पाने त्यासाठी वापरली. ही व्यवस्था तात्पुरती आणि नाजूक होती. पाठ्यपुस्तकातील गोपनीयतेचे निकष तिला लावले तर ती कमी पडेल, पण ते निकष स्वतंत्र खोली गृहीत धरून लिहिलेले असतात, आणि तशी खोली असलेल्यांपुरतेच उपचार मर्यादित ठेवणे मला मान्य नाही.

व्हिडिओवर फक्त चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. बोलताना बाईंची नजर अधूनमधून खाली जात होती आणि त्यानंतर त्यांचा आवाज क्षणभर स्थिर होत होता. विचारल्यावर त्यांनी बोट वर करून दाखवले. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला होता. दिवसभरात तो किती वेळा लावला जातो याची नोंद आठवडाभर ठेवायला सांगितली, तेव्हा एका दिवसाची नोंद चाळीसच्या पुढे गेली. घरात यंत्रेही दोन होती. झटक्याच्या वेळी पहिले यंत्र ९९ दाखवत होते, आणि जीव गुदमरत असताना ९९ येणे शक्यच नाही, म्हणजे यंत्र बिघडले असणार, असे मानून त्यांनी दुसरे विकत आणले होते. दुसरेही ९९ दाखवत होते.

उपचाराची किल्ली या आकड्यात होती. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार पॅनिकच्या, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या, झटक्यात शरीरातील साध्या संवेदनेचा अर्थ मन संकट म्हणून लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते आणि ती वाढलेली संवेदना त्या अर्थाचा पुरावा ठरते. श्वास अपुरा पडतो असे वाटून बाई भराभर श्वास घेत. त्यामुळे ऑक्सिजन कमी होत नव्हता, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटत होता, आणि चक्कर, मुंग्या, छातीतील आवळल्यासारखी जाणीव त्यातून येत होती. म्हणजे यंत्र बरोबर होते. हे फक्त सांगून पटणारे नव्हते. म्हणून काकूंच्या खोलीत, कॅमेरा सुरू ठेवून, बाईंनी खुर्चीत बसून एक मिनिटभर मुद्दाम जोरजोराने श्वास घेतला. त्यांना हुबेहूब झटक्यासारखेच वाटले, यंत्रावर ९९ होते, आणि काही मिनिटांत सगळे आपोआप ओसरले. "हे मी स्वतः केलं?" असे त्या दोनदा म्हणाल्या. पुढील आठवड्यांत बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणे, जागच्या जागी धावणे आणि मास्क लावून चाळीचा जिना चढणे असे प्रयोग झाले. जिन्याचा प्रयोग त्यांच्याच जिन्यावर झाला हा ऑनलाइन पद्धतीचा खरा फायदा होता. क्लिनिकमध्ये बसून त्या जिन्याची नुसती कल्पना करावी लागली असती.

यंत्र मात्र हातचे सुटत नव्हते. दिवसाला चाळीसवरून दहावर आलेला वापर तिथेच अडला, आणि एकदा भांडी घासून ओल्या, गार हाताला यंत्र लावल्यावर ९२ आले तेव्हा पुन्हा तिसांवर गेला. गार बोट, ओलावा, नेलपॉलिश, मेंदी किंवा हालचाल यांमुळे आकडा चुकू शकतो, हात पुसून उबदार करून पाहिल्यावर तो ९७ आला, हे त्यांना कळले होते. तरीही भीती उतरली नाही. त्या वेळी मी प्रश्न बदलला आणि विचारले, हा आकडा पाहताना डोळ्यांसमोर कोण असते? बराच वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. मग त्यांनी ९३ च्या रात्रीची हकिकत पहिल्यांदा सलग सांगितली. आपण तो आकडा पाहिला होता, वहीत लिहिला होता, आणि तरी अण्णांना लगेच हलवले नाही, म्हणून ते गेले, असे त्यांनी स्वतःला बजावले होते. यंत्र बोटाला लावणे ही स्वतःच्या जिवाची काळजी होतीच, पण या वेळी आपली नजर चुकणार नाही, असा तो पहाराही होता. केवळ पॅनिकचे सूत्र धरून चाललो असतो तर यंत्र काढून घेण्याचा आग्रह धरला गेला असता, आणि बाईंना तो पहारा सोडून देण्यासारखा, म्हणजे अण्णांशी दुसऱ्यांदा केलेल्या हलगर्जीसारखा वाटला असता.

पुढची सेशन्स त्या रात्रीवर झाली. भिशीच्या वहीत एक वर्तुळ काढून अण्णांच्या मृत्यूला कारण ठरलेल्या सगळ्या गोष्टींना त्यात वाटा द्यायचा आणि स्वतःचा वाटा शेवटी काढायचा, ही पद्धत वापरली. विषाणू, वय, मधुमेह, उशिरा आलेला चाचणीचा अहवाल, शहरभर भरलेल्या खाटा, अण्णांचा रुग्णालयात जाण्यास नकार, अंथरुणाला खिळलेले पती, बाईंचा स्वतःचा ताप. हे सगळे भरल्यावर त्यांच्यासाठी एक बारीक फोड उरली. त्यांनी ती खोडली नाही. "एवढी राहू दे मॅडम, एवढी माझी आहे," असे त्या म्हणाल्या, आणि मला ते योग्य वाटले. दोष संपूर्ण पुसून टाकण्याचा हट्ट अनेकदा उपचार करणाऱ्याच्या स्वतःच्या समाधानासाठी असतो. यानंतर यंत्राचा वापर दिवसातून एकदा आणि मग ताप-खोकला असेल तेव्हाच, असा फारसे प्रयत्न न करता उतरला.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संक्षिप्त अहवालात, साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढल्याचे आणि स्त्रियांवर व तरुणांवर त्याचा भार अधिक पडल्याचे म्हटले आहे. या घरात तो भार एका स्त्रीकडे कसा आला हे वरच्या हकिकतीत दिसते. आजाऱ्यांची नोंदवही, नोकरीचे लॅपटॉपवरचे काम, मुलाचा ऑनलाइन वर्ग आणि शोक न करताच पुन्हा स्वयंपाकाला लागणे, हे सारे एकाच व्यक्तीच्या वाट्याला आले होते. पतीने उपचाराला विरोध केला नाही, तरी 'फोनवर बोलून काय होणार' हा प्रश्न त्यांनी बरेच दिवस विचारला. त्यांच्यासह झालेल्या एका सेशनमध्ये झटक्याच्या वेळी पाणी, पंखा, पाठ चोळणे यांची धावपळ न करता नुसते शेजारी बसायचे, एवढेच ठरवले. ते त्यांनी पाळले.

काकू-काका गणपतीनंतर परतले आणि किल्ली गेली. मग सेशन रविवारी सकाळी, चालण्याच्या निमित्ताने, फोनवर होऊ लागले. चालत बोलताना बाई अधिक मोकळ्या होत, पण वाहनांच्या आवाजात मला त्यांचा श्वास ऐकू येत नसे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दिवाळीनंतर कंपनीने कार्यालयात येण्याचे कळवले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा प्रवास लसीचे दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी खुला झाला होता. कोविडनंतर तीन महिने थांबण्याच्या सूचनेमुळे बाईंचा पहिला डोस उशिरा झाला होता, आणि कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर होते, त्यामुळे त्यांना लोकलचा पास नोव्हेंबरच्या अखेरीसच मिळू शकत होता. या मधल्या काळाचा आम्ही तयारीसाठी वापर केला. भीतीची उतरंड, म्हणजे कशाची भीती किती वाटते याची क्रमवार यादी, बाईंनी लिहून काढली, आणि तिच्यात मला अपेक्षित नसलेली गोष्ट वर होती. गर्दीच्या डब्यापेक्षा परळ आणि प्रभादेवी स्थानकांना जोडणारा पादचारी पूल त्यांना अधिक भयंकर वाटत होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला; बाई त्या काळात रोज त्याच वाटेने जात. श्वास कोंडण्याच्या भीतीला कोविडच्या आधीची मुळे होती, आणि ती परळमध्ये राहणाऱ्या माणसाच्या उतरंडीत येणे स्वाभाविक होते.

आधी दुपारी रिकाम्या वेळी पूल ओलांडणे, मग प्रभादेवीच्या फलाटावर बसून दोन-तीन गाड्या जाऊ देणे, मग महिलांच्या डब्यातून दादरपर्यंत एक स्थानक, नंतर वांद्रे आणि शेवटी गर्दीच्या वेळी अंधेरी, असा क्रम ठरला. पहिल्या काही फेऱ्यांत मी हेडफोनवर त्यांच्यासोबत होते. क्लिनिकमधून अशी सोबत फार क्वचित करता येते. पण कानातला माझा आवाज हाही ऑक्सिमीटरसारखाच आधार होऊ शकतो, याची जाणीव ठेवून तो पायरीपायरीने काढून घेतला. आधी मी बोलणे थांबवून फक्त लाइनवर राहिले, नंतर त्यांनी उतरल्यावर फोन करायचा, आणि शेवटी फोन करायचाच नाही. एकदा माहीमच्या आसपास नेटवर्क गेले आणि बाईंना तिथेच झटका आला. त्या वांद्र्याला उतरल्या नाहीत. अंधेरीला पोहोचून त्यांनी पाठवलेला निरोप असा होता: "आला होता. गेला. ऑफिसला पोचले."

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत मुंबईतील रोजची रुग्णसंख्या २० हजारांच्या वर गेली आणि बाईंनी कपाटातले यंत्र पुन्हा बाहेर काढले. चार दिवस ते सारखे बोटाला होते. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच वहीतले वर्तुळ उघडले आणि यंत्र कपाटात ठेवले. मला हे नंतरच्या सेशनमध्ये कळले. एप्रिलमधील मोजणीत पीएचक्यू-९ चे गुण ६ आणि जीएडी-७ चे ५ होते, नवव्या प्रश्नाचे उत्तर 'अजिबात नाही' असे होते. राज्यातील कोविडचे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, उठले आणि त्यानंतर आलेले अण्णांचे वर्षश्राद्ध भावकीला बोलावून नीट झाले. एस्सिटालोप्राम पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी करण्यात आले.

सासूबाईंचा प्रश्न मात्र या पद्धतीने सुटला नाही. सुनेत पडलेला फरक पाहून त्यांनीही बोलण्याची इच्छा दाखवली. त्यांना कमी ऐकू येते, त्या मालवणीत बोलतात, आणि फोनवरच्या आवाजाला उत्तर देताना त्या दर वेळी सुनेच्या तोंडाकडे पाहत. जे सांगायचे होते ते तिच्यासमोर सांगणे त्यांना जमले नाही. दोन प्रयत्नांनंतर त्यांची सोय परळमधील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, मालवणी समजणाऱ्या समाजसेविकेकडे करून दिली. बाई त्यांना तिथे घेऊन जातात आणि बाहेरच्या बाकावर थांबतात.